पाडलेला पब पुन्हा कसा उभा राहिला

लंडनच्या किल्बर्न भागात कार्ल्टन टॅव्हर्न नावाचा पब आहे. 1920 च्या सुमाराचं विटांचं बांधकाम, दर्शनी भागावर चकचकीत फरश्या. एप्रिल 2015 मध्ये मालक बिल्डरने तो परवानगीशिवाय पाडला. तिथे फ्लॅट बांधायचा अर्ज वेस्टमिन्स्टर पालिकेने आधीच फेटाळला होता आणि पबचं नाव वारसा यादीत येण्याच्या बेतात होतं. पालिकेने आदेश काढला: होता तसाच परत बांधा. बिल्डर अपिलात गेला, 2016 मध्ये हरला आणि 2021 मध्ये पब पुन्हा उघडला.

पुण्या-नाशकात एकामागून एक वाडे जाताना पाहिलेल्यांना हे खरं वाटणार नाही. पण इथे इंग्लंडमध्येही हा अपवादच आहे. तो घडला कारण रहिवाशांना आधीच संशय आला होता आणि त्यांच्या आग्रहाने ‘हिस्टॉरिक इंग्लंड’ या सरकारी संस्थेने पाडापाडीपूर्वीच इमारतीची बारीक नोंद केली होती. फोटो होते, फरश्यांचे प्लास्टरचे साचेही होते. त्यामुळे ‘मूळ रूप आता कळणार कसं?’ ही सबब टिकली नाही.

यादीतली, म्हणजे लिस्टेड, इमारत विनापरवाना पाडणं हा इंग्लंडमध्ये फौजदारी गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, आणि दंडाला कमाल मर्यादा नाही. खरी फट आहे ती नाव यादीत येण्याआधीच्या काळात. कुणी यादीसाठी अर्ज केला की सहसा मालकाला कळवून त्याचं म्हणणं मागवलं जातं. म्हणजे मालक सावध होतो, पण इमारतीला संरक्षण मात्र अजून नसतं. पश्चिम लंडनमधल्या ब्रेंटफर्डचा 1928 चा फायरस्टोन टायर कारखाना 1980 च्या ऑगस्टमध्ये असाच गेला. यादीच्या हालचाली चालू असताना, जोडसुट्टीत, कचेऱ्या बंद असताना बुलडोझर आले. वेल्समध्ये 2016 च्या कायद्यापासून या मधल्या काळातही तात्पुरतं संरक्षण मिळतं. इंग्लंडमध्ये पालिकेला स्वतःहून सहा महिन्यांची संरक्षण नोटीस काढावी लागते. तातडी असेल तर ती इमारतीवर चिकटवली तरी लागू होते. पुढे नाव यादीत आलं नाही तर मालकाला भरपाई द्यावी लागेल, या भीतीने पालिका कचरत असत. 2023 च्या कायद्याने भरपाईची ती तरतूद काढली, हे फार बरं झालं.

बुलडोझरपेक्षा जास्त इमारती पाण्याने जातात. रिकाम्या इमारतीच्या छतावरचे शिशाचे पत्रे चोरीला जातात, पन्हळी पानांनी तुंबतात आणि पाणी भिंतीत मुरायला लागतं. लाकडी तुळयांची टोकं भिंतीत रुतलेली असतात. तिथे हवा खेळत नाही, त्यामुळे कूज आधी तिथेच धरते. बाहेरून इमारत धडधाकट दिसत असताना आत तळजमल्यावरचं छत खचलेलं असतं. मग इंजिनिअरचा ‘धोकादायक’ असा अहवाल येतो आणि पाडण्याचा मार्ग मोकळा होतो. लिस्टेड इमारत असेल तर पालिका मालकाला सात दिवसांची नोटीस देऊन तातडीची डागडुजी स्वतः करू शकते आणि खर्च त्याच्याकडून वसूल करू शकते. पण पैसे आधी पालिकेने घालायचे असल्याने ही नोटीस निघते कमी.

त्यात कराचा भाग आहे, आणि मला तो सगळ्यात अन्यायाचा वाटतो. नवीन घर बांधलं तर व्हॅट शून्य, जुन्याची दुरुस्ती केली तर सहसा 20 टक्के. लिस्टेड घरांमधल्या मंजूर बदलांना पूर्वी सूट होती, तीही ऑक्टोबर 2012 पासून गेली. जुनं जपणाऱ्याने जास्त कर भरायचा, पाडून बांधणाऱ्याने काहीच नाही!

तुम्ही इथे राहत असाल तर एवढं करता येतं. यादीसाठी अर्ज कुणीही करू शकतो, नागरिकत्व लागत नाही. इमारत मोडकळीला आली असली तरी बिनधास्त लिहा, कारण निर्णय वास्तुकलेच्या आणि इतिहासाच्या महत्त्वावर होतो, डागडुजीच्या अवस्थेवर सहसा नाही. अर्ज करतानाच पालिकेच्या वारसा अधिकाऱ्याला संरक्षण नोटिशीबद्दल पत्र टाका. अर्जाचा निकाल लागेपर्यंत थांबलात तर फार उशीर होतो. बिल्डरच्या अर्जावर हरकत घ्यायला साधारण 21 दिवस मिळतात. हरकतीत ‘आमच्या घराची किंमत उतरेल’ किंवा ‘खिडकीतून दिसणारा देखावा जाईल’ असं लिहू नका, ते मुद्दे धरलेच जात नाहीत. आणि फोटो काढताना चौकटीत मोजपट्टी ठेवा: खिडक्या, कंगोरे, फरश्यांचे सांधे, आत जायला मिळालं तर जिन्याचे कठडेही.