तुम्ही विचारलंत म्हणून: सीटी असताना सोनोग्राफीवर सुई का?

"मॅडम, सीटीचं मशीन शेजारच्या खोलीत आहे, मग सोनोग्राफीवर का करताय?"

बरीच वर्षं मी नाशकात फुप्फुसातल्या गाठींच्या बायोप्सी, म्हणजे सुईने गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवणं, करतेय आणि हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच. पेशंटचा मुलगा विचारतो, पुण्याहून फोनवर बोलणारा पुतण्या विचारतो, कधी पेशंट पाठवणारे छातीचे डॉक्टरही विचारतात. त्यामागचा संशय मला कळतो. सोनोग्राफी म्हणजे पोटाची, गरोदर बायकांची तपासणी. सीटी म्हणजे मोठं, महाग, म्हणून नेमकं. आमच्या माणसाला स्वस्तातलं का? दारात उभ्या उभ्या दोन वाक्यांत उत्तर देऊन मी थकले आहे, म्हणून एकदा सगळं सांगते.

पहिली गोष्ट, सीटी झालेला असतोच. त्याशिवाय मी सुई हातात घेत नाही. गाठ कुठे आहे, मध्ये मोठी रक्तवाहिनी आहे का, आजूबाजूचं फुप्फुस बिडीने पोखरलंय का, हे सगळं त्या फिल्मवरच दिसतं. उरतो तो एवढाच निर्णय, की सुई आत जात असताना मी कुठलं चित्र बघायचं. गाठ श्वासनळीच्या जवळ, अगदी मध्यावर असेल तर ती माझ्याकडे येतच नाही, दुर्बिणीवाल्या डॉक्टरांकडे जाते. गाठ आणि छातीची भिंत यांच्यामध्ये हवा भरलेलं फुप्फुस असेल, तर सोनोग्राफी तिथे आंधळी असते, कारण हवा ध्वनिलहरींना आत जाऊच देत नाही. तिथे सीटी, आणि त्यावर माझं कुणाशी भांडण नाही.

प्रश्न फक्त भिंतीला टेकलेल्या गाठींचा आहे. त्या सोनोग्राफीवर स्वच्छ दिसतात, श्वासाबरोबर सरकताना दिसतात, सुईचं टोक आत शिरतानाही दिसतं. सीटीत सुई थोडी ढकलायची, बाहेर यायचं, स्कॅन काढायचा, बघायचं, परत आत जायचं. दोन स्कॅनच्या मधल्या वेळात पेशंट काय करतोय ते मला दिसत नाही. सीटीखाली फुप्फुसात सुई घातली की साधारण चार-पाच जणांमागे एकाला फुप्फुसाबाहेर थोडीफार हवा साठते. बहुतेकांची आपोआप जिरते, पण शंभरातल्या पाच-सहा जणांना ती काढायला छातीत नळी टाकावी लागते. टेकलेल्या गाठीत सुई हवेच्या फुप्फुसातून न जाता थेट गाठीत गेली, तर हा धोका बराच कमी होतो.

हे सगळं मला नऊ वर्षांपूर्वीही माहीत होतं, आणि तरीही मी ते केलं नाही.

निफाड तालुक्यातले शेतकरी, वय अडुसष्ट, घरचे त्यांना आप्पा म्हणायचे. चाळीस वर्षं बिडी. उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात, पाठीच्या बाजूला चार सेंटिमीटरची गाठ, बरगड्यांना टेकलेली. ते आले तेव्हा मी पाठीवर सोनोग्राफीचा प्रोब ठेवून बघितलं होतं. गाठ इतकी स्वच्छ होती की तिथेच सुई घालता आली असती. मुलगा म्हणाला, "पैशाचं बघू नका मॅडम, सीटीतच करा." द्राक्षं काढणीला आलेली, व्यापारी बागेत उभे, तरी तो सगळं टाकून वडिलांबरोबर आला होता. मी हो म्हटलं.

का म्हटलं? खरं सांगायचं तर सीटीत काही बिघडलं की "मोठ्यातल्या मोठ्या मशीनवर केलं होतं" असं म्हणता येतं. सोनोग्राफीवर बिघडलं तर "कशाला केलंत" हेच ऐकावं लागतं. मी माझी पाठ राखली. त्याला मी पेशंटच्या घरच्यांच्या इच्छेचा मान असं नाव दिलं होतं.

आप्पांना कमी ऐकू यायचं. हे मला माहीत होतं, मघाशी मी त्यांच्याशी मोठ्याने बोलले होते. मशीनमध्ये पालथं झोपल्यावर बाहेरच्या खोलीतून माइकवर "श्वास रोखा" म्हटलेलं त्यांना कधी कळायचं, कधी नाही. कधी ते खोल श्वास घेऊन थांबायचे, कधी अर्ध्यावर. खालच्या भागातली गाठ श्वासागणिक सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर सरकते. प्रत्येक स्कॅनमध्ये ती नव्या जागी. शिवाय सरळ वाटेत बरगडी येत होती. सोनोग्राफीत मी प्रोब बरगड्यांच्या फटीच्या दिशेने फिरवून वाट काढली असती. इथे तिरकी गेले, आणि एकदा सुई गाठीच्या कडेने पोखरलेल्या फुप्फुसात घुसली. पुढच्या स्कॅनवर बरगडी आणि फुप्फुसाच्या मध्ये हवेची काळी पट्टी दिसली. मी घाईने दोन तुकडे घेतले आणि सुई काढली. दहा मिनिटांत पट्टी रुंद झाली होती. आप्पा उठून बसायला धडपडत होते, ओठ निळसर, हाताने माझा एप्रन धरलेला.

नळी टाकली, बाटलीला जोडली. बाटलीत बुडबुडे येत राहिले, तीन दिवस. चौथ्या दिवशी नळी निघाली. त्याच संध्याकाळी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला: फक्त मृत पेशी, निदान शक्य नाही.

बारा दिवसांनी मी त्यांना स्टुलावर उलटं बसवलं, छातीशी उशी दिली, तिच्यावर हात आणि हनुवटी. या वेळी सोनोग्राफी. रक्तप्रवाह दाखवणारं डॉप्लर लावल्यावर दिसलं की गाठीचा मधला भाग मेलेला आहे, रक्तप्रवाह फक्त कडेला आहे. कडेची एक रक्तवाहिनी चुकवून तिथूनच चार तुकडे घेतले. श्वास रोखायला सांगायची वेळ आली की मी खांद्यावर हात दाबायचे, ते थांबायचे. सगळं मिळून पंधरा मिनिटं. त्या तुकड्यांतून निदान झालं, स्क्वॅमस नावाचा फुप्फुसाचा कॅन्सर.

शर्टाची बटणं लावता लावता आप्पा म्हणाले, "ताई, हे आधीच का नाही केलं?"

मी म्हणाले, "तुमच्या मुलाने सांगितलं म्हणून."

मुलगा दारातच उभा होता. तो काही बोलला नाही. त्याने वडिलांची पिशवी उचलली आणि त्यांना धरून बाहेर नेलं. एका शेतकऱ्याला गाठीचा कोणता भाग जिवंत आहे हे कळायला हवं होतं का? ते बघण्याचे पैसे मी घेतले होते. त्या वाक्याबद्दल मी त्याची माफी मागितली नाही, आणि नंतर तशी संधी आली नाही.

तेव्हाची मी आजही माझ्याशी वाद घालते. म्हणते, सोनोग्राफीवरही हवा भरू शकली असती. मध्यभाग मेलेला आहे हे सीटीच्या वेळी शिरेतून देतात त्या कॉन्ट्रास्ट औषधामुळे फिल्मवरही दिसत होतं, तू नीट बघितलं नाहीस, मशीनवर का ढकलतेस? यावर माझ्याकडे उत्तर नाही. तिचं बरोबर आहे.

आणि त्यानंतर मी हट्टी झाले, हेही सांगायला हवं. सिन्नरच्या एक शिक्षिका होत्या. फुप्फुसाचा वरचा भाग आकसलेला, भिंतीपर्यंत घट्ट झालेला. सोनोग्राफीवर आत बघायला सुंदर खिडकी मिळाली, मी आनंदाने तुकडे घेतले. रिपोर्ट आला, फक्त सूज. मूळ गाठ आत होती, तिच्यामुळे बंद पडलेलं फुप्फुस बाहेर, आणि माझ्या पडद्यावर दोन्ही सारखीच दिसत होती. त्या रिपोर्टवर विसंबून दुसरीकडे त्यांना टीबीची औषधं सुरू झाली. आपल्याकडे टीबी इतका आहे की तसं करणाऱ्याला दोष देता येत नाही. तीन आठवड्यांनी सीटीखाली आतल्या गाठीत सुई घातली तेव्हा कॅन्सर सापडला. ते तीन आठवडे माझ्या खात्यावर आहेत. मला सोनोग्राफी जमते, म्हणून मी ती तिथेही वापरली.

तेव्हा "तुम्ही सोनोग्राफीवाल्या आहात" असं कुणी म्हटलं की मला राग येतो. आणि "सीटीच सुरक्षित" म्हटलं तरी येतो.

काल अंबडच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांची फाइल आली. दीड सेंटिमीटरची गाठ, भिंतीला जेमतेम टेकलेली, खोल श्वास घेतला की खांद्याच्या हाडाआड जाण्याची शक्यता. मी सांगितलं, आधी बसवून सोनोग्राफीवर बघेन. दहा श्वास गाठ समोर राहिली तर तिथेच करेन, नाहीतर अकरा वाजता सीटीची वेळ राखून ठेवली आहे. मुलाने तोच प्रश्न विचारला. मी त्याला जवळ बसवून हे सगळं थोडक्यात सांगितलं, दोन्हीकडे काय बिघडू शकतं तेही. मग मी त्याला विचारलं, "वडिलांना नीट ऐकू येतं ना?"