दीड घंट्याचं विमान

मागच्या ऑगस्टमधली गोष्ट. यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णीत माझं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. सातबारा, पीकविमा, रेल्वेची तिकिटं अशी कामं. सकाळी 9 वाजता शटर वर केलं, तर जवळच्या खेड्यातले काका-काकू ओली छत्री घेऊन पायरीवर बसलेले. मुंबईत मुलीचं बाळंतपण अवघड झालं होतं. रात्री ऑपरेशन झालं, पण पोर अजून शुद्धीवर आली नव्हती.

“जावई म्हणते, इमान दीड घंट्यात पोचवते. मंग दुपारी आम्ही पोरीजवळ ना, भाऊ?” काकूंनी विचारलं.

नाही म्हणताना माझी जीभ जड झाली. नागपूर-मुंबई हवाई अंतर सुमारे 690 किलोमीटर, तिकिटावर वेळ 1 तास 35 मिनिटं. पण ती वेळ नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर विमान जागेवरून हललं की सुरू होते, आमच्या अंगणातून नाही. आर्णीहून यवतमाळ, कळंब, देवळी, वर्धा करत सोनेगाव 190 किलोमीटरच्या आसपास, आणि पावसात साडेचार तास. त्यात चेक-इनचं काउंटर तासभर आधी बंद होतं. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचं विमान 2025 पासून सुरू झालंय, पण ते रोज नसतं, त्या दिवशीही नव्हतं. धामणगावहून रात्रीची रेल्वे धरली, तर उजाडल्यावरच मुंबई. 4:20 चं विमान घेतलं.

काकूंच्या आधारवर नाव वेगळं आणि रेशनकार्डावर वेगळं. तिकिटावर आधारचंच टाकलं. पिशवीत डिंकाचे लाडू होते आणि तुपाचा डबा. लाडू हातात चालतील, तूप मात्र सामानात द्या, असं मी तीनदा बजावलं. काकूंचे गुडघे दुखतात म्हणून व्हीलचेअरही मागून ठेवली.

10 वाजता गाडी निघाली. देवळीजवळ पंक्चर. ड्रायव्हरचा फोन आला तेव्हा मी कुणाचा तरी सातबारा छापत होतो, हात थांबला. 3:05 ला ते काउंटरवर उभे राहिले. बंद व्हायला 15 मिनिटं उरली होती.

विमान उडाल्यावर मी मोबाईलवर त्याची खूण पाहत बसलो. मुंबई आमच्या पश्चिमेला, आणि या दोघांना आधी ईशान्येला नागपूरपर्यंत जावं लागलं. आता विमान त्यांना परत आमच्याच अंगानं नेत होतं. पंधरा मिनिटं झाली नसतील, तर ते धामणगावच्या आसपास. गाडीला अर्धा दिवस लागलेली वाट! दुकानात गिऱ्हाईक खोळंबलं होतं, पण माझी नजर हलत नव्हती. मुंबईवर पावसामुळे विमानानं घिरट्या घातल्या. एक फेरा, दुसरा, तिसरा. 5:55 ला टेकायचं ते 6:20 ला टेकलं.

दवाखान्यात पोचायला 8 वाजले. आर्णीहून निघाल्यापासून 10 तास.

साडेआठला काकूंचा फोन आला. मागे कुणीतरी बोलत होतं, त्यांचा आवाज नीट ऐकू येत नव्हता.

“पोचलो बाप्पा. तिनं डोये उघडले. मले म्हणे, आई, इतका उशीर काहून केला?”