हिस आणि हमिंग वेगवेगळे मोजावेत

ऑडिओ इंटरफेसच्या (मायक्रोफोनचा सिग्नल संगणकात नेणाऱ्या उपकरणाच्या) माहितीपत्रकात नॉइजचा बहुधा एकच आकडा दिलेला असतो आणि अनेक खरेदीदार तेवढ्यावरच तुलना उरकतात. माझ्या मते तो आकडा निम्मीच हकिगत सांगतो. रेकॉर्डिंगच्या मागे सतत ऐकू येणारी हिस आणि विजेच्या वारंवारतेला चिकटून येणारे हमिंग यांची उगमस्थाने वेगळी, त्यांवरचे उपायही वेगळे. दोन्ही एका आकड्यात मिसळली की कशाचा वाटा किती, हे समजायला मार्ग उरत नाही.

हिसला खालची मर्यादा निसर्गानेच घालून दिलेली आहे. रेझिस्टरमधल्या इलेक्ट्रॉनांच्या उष्णताजन्य हालचालीमुळे त्याच्या दोन टोकांमध्ये सूक्ष्म व्होल्टेज निर्माण होत राहते. बेल लॅबमधल्या जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये हे प्रयोगाने आणि गणिताने मांडले. १५० ओहमच्या रेझिस्टरसाठी, खोलीच्या तापमानाला आणि २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, हे व्होल्टेज सुमारे ०.२२ मायक्रोव्होल्ट, म्हणजे साधारण -१३१ डीबीयू (०.७७५ व्होल्टच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली पातळी) भरते. अनेक डायनॅमिक मायक्रोफोनांचा इंपीडन्स (एसी सिग्नलला होणारा विरोध) याच घरातला असल्याने माइक प्रीअँपची (मायक्रोफोनचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या सर्किटची) चाचणी १५० ओहमवर घेण्याची पद्धत आहे. इनपुट शॉर्ट करून मोजले तर आकडा अधिक देखणा येतो खरा, पण शॉर्ट केलेल्या इनपुटवर कोणी गात नाही.

चाचणीचा प्लग घरी सहज तयार होतो. एक्सएलआर प्लग उघडून २ आणि ३ क्रमांकाच्या पिनांमध्ये १५० ओहमचा मेटल फिल्म रेझिस्टर सोल्डर करावा आणि प्लगचे धातूचे आवरण १ क्रमांकाच्या पिनेला जोडावे. ते जोडले नाही तर आतला रेझिस्टर आजूबाजूचे विद्युत क्षेत्र पकडतो आणि आपण इंटरफेसऐवजी खोलीच मोजत बसतो. फँटम पॉवर (इंटरफेसकडून मायक्रोफोनला जाणारा वीजपुरवठा) बंद ठेवावी. त्यानंतर इनपुटला किती व्होल्टेज दिले असता मीटर ० डीबीएफएस (डिजिटल सिग्नलची कमाल पातळी) गाठतो, हे नक्की करावे लागते. साध्या मल्टिमीटरचे एसी वाचन काहीशे हर्ट्झच्या पुढे भरवशाचे असेलच असे नाही, म्हणून मी १ किलोहर्ट्झऐवजी २०० हर्ट्झचा साइन (एकाच वारंवारतेचा शुद्ध स्वर) वापरतो, मल्टिमीटरला नीट वाचता येईल एवढे व्होल्टेज मोजतो आणि मग ते रेझिस्टर डिव्हायडरने माहीत असलेल्या प्रमाणात खाली आणतो.

समजा, गेन (प्रीअँपची वाढ) पूर्ण असताना -५० डीबीयूचा सिग्नल ० डीबीएफएसला पोहोचला आणि प्लग लावल्यावर नॉइजचे आरएमएस (सरासरी शक्तीवर आधारलेले) वाचन -७८ डीबीएफएस आले. (काही सॉफ्टवेअर पूर्ण पातळीच्या साइनचे आरएमएस वाचन -३ दाखवतात, तो फरक आधीच तपासलेला बरा.) इनपुटच्या हिशेबाने हा नॉइज -१२८ डीबीयू झाला. त्यातले -१३१ तर रेझिस्टरचेच आहेत. परस्परांशी संबंध नसलेले दोन समान नॉइज मिळून ३ डेसिबलची वाढ होते, त्यामुळे प्रीअँपची स्वतःची भरही -१३१च ठरते. याहून कितीही महाग प्रीअँप आणला, तरी अशा १५० ओहमच्या मायक्रोफोनवर फायदा जास्तीत जास्त ३ डेसिबलचा.

हमिंगसाठी एफएफटीचा (सिग्नल वारंवारतेच्या कप्प्यांत विभागून दाखवणारा) आलेख लागतो, आणि तो वाचताना भले भले चकतात. ४८ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगला ६५,५३६ बिंदूंचा एफएफटी घेतला तर प्रत्येक कप्पा ०.७३ हर्ट्झचा होतो. नॉइज हजारो कप्प्यांत वाटला जातो आणि वरच्या उदाहरणातला -७८चा नॉइज आलेखात -१२०च्या आसपास दिसतो. बिंदू दुप्पट केले की तळ आणखी ३ डेसिबल खाली जातो, पण हमिंगचे सुळके होते तिथेच राहतात. त्यामुळे सुळक्यांची उंची तळापासून न मोजता सरळ डीबीएफएसमध्ये वाचावी आणि त्यांच्या शक्तींची बेरीज करावी.

माहितीपत्रकातला आकडा ए-वेटिंगचा असेल, तर हे सुळके त्यात जवळजवळ दिसेनासे होतात, कारण ते वेटिंग ५० हर्ट्झला सुमारे ३० आणि १०० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल खाली ओढते. मंद आवाजात कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात, या तत्त्वावर ते आधारलेले असल्याने त्याला लबाडी म्हणता येणार नाही. मात्र रेकॉर्डिंगवर पुढे कॉम्प्रेसर चढतो, खालचे स्वर वाढवले जातात, आणि मग ती सवलत उरत नाही.

सुळके कुठे आहेत यावरून कारणाचा माग लागतो. ५०, १५०, २५० असे विषम गुणक ठळक असतील तर जवळच्या ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्राचा संशय घ्यावा. तो असल्यास उपकरण किंवा केबल थोडी फिरवताच सुळके डोळ्यांदेखत वर-खाली होतात. १००, २००, ३०० ठळक असतील तर रेक्टिफायरनंतरचे (एसीचे डीसी करणाऱ्या भागानंतरचे) फिल्टरिंग अपुरे पडत असावे. तिथे केबल हलवून काही होत नाही. (६० हर्ट्झची वीज असलेल्या देशांत हे सारे आकडे त्या पटीत वाढतात.) लॅपटॉपचा चार्जर काढताच सुळके गळून पडले तर बहुधा ग्राउंड लूप (उपकरणे एकाहून अधिक मार्गांनी अर्थिंगला जोडली जाऊन बनणारे वेटोळे) आहे. त्यावर बॅलन्स्ड जोडणी (सिग्नल दोन तारांतून परस्परविरुद्ध नेणारी) किंवा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हे उपाय आहेत. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकल्यानेही हमिंग जाते, पण उपकरणात बिघाड झाल्यास त्याचे आवरण आणि कधी कधी मायक्रोफोनची जाळीसुद्धा विजेने जिवंत होऊ शकते, म्हणून तो मार्ग कोणीही धरू नये.