लांडगामाणूस : साचा उघडला, आता केसांचं बघायचं

मंडळी, २०१० च्या ‘द वुल्फमॅन’ सिनेमातल्या लांडगामाणसाचा मुखवटा कुठवर आलाय ते सांगतो. अख्ख्या डोक्यावर चढवायचा, माणसाच्या मापाचा. शाडूचं डोकं घडवून झालं, साचा निघाला, लेटेक्सची (म्हणजे पातळ रबराची) पहिली प्रत खुंटीला टांगलीय. केस आणि सुळे बाकी.

ताजा २०२५ चा रिमेक सोडून हा का धरलास, असं भेटेल तो विचारतो. दिग्दर्शक ली वॅनेलनं त्यात लांडगा होणं म्हणजे एक आजार असं दाखवलंय. कातडी बिघडत जाते, घरच्यांचं बोलणं कळेनासं होतं. कल्पना झकास, पण चेहऱ्यावर केस इतके बेताचे की आपल्यासारख्यांच्या हाताला कामच उरत नाही. २०१० वाला थेट १९४१ च्या मूळ ‘द वुल्फ मॅन’चा मेकअप करणाऱ्या जॅक पिअर्सच्या घराण्यातला. दोन पायांवर चालणारा, अंगात कपडे, खालचे सुळे ओठाबाहेर. पिअर्सनं नट लॉन चेनी ज्युनियरला रबरी नाक लावलं आणि तोंडभर याकचे केस चिकटवले. २०१० ला मेकअपवाल्या रिक बेकरनं तेच रूप नट बेनिसिओ डेल टोरोवर चढवलं आणि डेव्ह एल्सीच्या जोडीनं त्या कामाचं ऑस्कर घेतलं. सिनेमा मला फार काही आवडला नाही. ज्या बेकरनं १९८१ साली ‘अ‍ॅन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन’मधल्या लांडग्यासाठी भर उजेडात रबराचं तोंड ताणून लांब केलं, तो हाताशी असताना रूपांतराचे शॉट कॉम्प्युटरवर काढायचे म्हणजे कमालच झाली. पण चेहरा मात्र अव्वल.

त्या चेहऱ्याची खरी करामत डोळ्यांभोवती आहे. केस कपाळावरून नाकाच्या मुळापर्यंत उतरतात, गालांवर चढतात, पण पापणीखालची पट्टी उघडी राहते. आत अडकलेला माणूस दिसतो तो तेवढ्याच जागेतून. म्हणून शाडूत सगळ्यात जास्त वेळ मी तिथंच घालवला : खालच्या पापणीची सूज, डोळ्याच्या कोपऱ्यातली सुरकुती, नाकपुडीकडे उतरणारी घडी. कपाळ आणि जबडा थोडा ओबडधोबड राहिला तरी केसांखाली झाकून जातो.

शाडू शहापुरातल्या एका मूर्तिकारांकडून आणला. सीझन तोंडावर आलेला, त्यांचं शेड गणपतींनी खचाखच भरलेलं, तरी ‘ने जा’ म्हणाले. ओल्या फडक्याखाली झाकलेलं डोकं बघून शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘‘काय रे, गणपती करालास की राक्षस?’’ राक्षस म्हटल्यावर त्यांनी पोरांना आत बोलावून घेतलं.

साचा प्लास्टरचा, दोन भागांचा, कानामागून जोड. आत काथ्या घातला, नाहीतर उघडताना तडा जातो. पहिल्या भागाच्या कडेला खड्डे कोरून ठेवले की दुसरा भाग तिथंच बरोबर बसतो. मधे साबणाचा जाड हात. लेटेक्स ओतण्याआधी मात्र साचा खडखडीत कोरडा हवा, कारण लेटेक्समधलं पाणी प्लास्टरनंच ओढायचं असतं. तेव्हाच भिंतीला थर धरतो. आणि इथं बेळगावात आषाढ म्हणजे धुतलेला टॉवेल आठवडाभर ओला! शेवटी साचा बल्ब लावलेल्या पेटीत ठेवून वाळवला. ओतल्यावर थर पुरेसा जाड झाला की उरलेलं लेटेक्स परत डब्यात. अमोनियाचा वास घरभर भरतो, खिडक्या उघड्या ठेवा. प्रत सोलताना आतून टाल्क पावडर मारत मारत सोला. लेटेक्सला लेटेक्स चिकटलं की सुटत नाही.

प्रत वाळल्यावर थोडी आक्रसते, रंगही दुधी जाऊन पिवळसर होतो. म्हणून डोकं आधीच जरा मोठं केलं होतं. रंग लेटेक्समध्येच कालवून लावणार. नुसतं अ‍ॅक्रिलिक ताणलं की भेगाळतं.

आता केस. याक कुठून आणायचा? पण चिकोडी-अथणीकडं धनगरांचे तळ असतात, आणि दख्खनी मेंढीची काळी लोकर इतकी राठ की घोंगड्याशिवाय तिला गिऱ्हाईक नाही. आपल्याला नेमकी तीच हवी. एका मामांकडून लोकर घेतली, शिवाय बकऱ्याचे लांब केस. ‘‘एवढ्याशात घोंगडं हुणार न्हाई बाबा,’’ म्हणाले. लांडग्याच्या तोंडाला लावणार म्हटल्यावर मामा बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले. मेंढ्या राखणाऱ्या माणसाला हे सांगणं जरा जास्तच झालं म्हणा.

लोकरीत चरबी फार. रिठ्याच्या पाण्यात धुवून सावलीत वाळवली, मग फणीनं विंचरली. लोकर कुरळी, ती खाली भरावाला. बकऱ्याचे केस सरळ, ते वर. लावायचं खानापूरच्या कौलांसारखं, वळचणीपासून आढ्याकडं : आधी गळा, मग जबडा, गाल, सगळ्यात शेवटी कपाळ. एका कानाखाली थोडा भाग लावून बघितला, पडणं छान आहे. पापणीजवळ मात्र झुबके चालणार नाहीत, तिथं एकेक केस सुईनं टोचणार.

सुळ्यांसाठी कवळीचं गुलाबी-पांढरं अ‍ॅक्रिलिक मिळालंय. माझ्याच खालच्या दातांचा ठसा घेऊन त्यावर बसवतो, म्हणजे जबडा हलला की सुळे हलतील. कुणी असे सुळे केले असतील तर हिरडीकडची कड किती पातळ ठेवलीत तेवढं सांगा, मग पुढचं घासायला घेतो.