पाच महिने, एकच खिडकी

मागच्या वेळी ठरवलं होतं की एक प्लॉट बंद करून दुसरा उघडायचा आणि पहिला कसा दिसत होता ते आठवत बसायचं, हे आता पुरे. म्हणून आर या आकडेवारीच्या प्रोग्रॅमिंग भाषेत सोबतच मिळणारा एअरक्वालिटी (हवेची गुणवत्ता) डेटा काढला. न्यूयॉर्क, 1973, मे ते सप्टेंबर, 153 दिवस. महिनावार ओझोन, पाचही प्लॉट एकत्र.

पार म्हणजे आरमध्ये प्लॉटची सेटिंग बदलणारं फंक्शन; त्यात एमएफरो (एका खिडकीत प्लॉटच्या किती ओळी, किती स्तंभ) लावून दोन ओळी, तीन स्तंभ मागितले. उत्तर आलं, 'फिगर मार्जिन्स टू लार्ज', म्हणजे प्लॉटभोवतीची मोकळी जागा फार मोठी. प्रत्येक प्लॉट आपली मार्जिन सोबत घेऊन येतो: खाली 5.1 ओळी, डावीकडे 4.1, वर 4.1, उजवीकडे 2.1. माझा प्लॉटचा कप्पा आधीच चिंचोळा, त्यात एवढं सामान मावणार कुठून? मार (या मार्जिनचीच सेटिंग) कमी केला, अक्षांची नावं ओएमएच्या, म्हणजे सगळ्या प्लॉटभोवतीच्या बाहेरच्या पट्टीत एकदाच लिहिली, मग गाडी हलली. अक्षरं बारीक दिसल्यावर मी उगाच सेटिंग उचकत बसलो. तीन ओळी किंवा तीन स्तंभ झाले की आर स्वतःच अक्षरांचा आकार 0.66 पट करतो. दोन बाय दोनला 0.83.

खरी गंमत पुढे. जून अगदी ऑगस्टइतकाच उंच! दोन मिनिटं त्यावर विश्वासही ठेवला. मग आकडे वाचले: जूनचा उभा अक्ष सत्तरच्या आसपास संपतो, ऑगस्टचा 168 पर्यंत जातो. प्रत्येक प्लॉटनं आपल्यापुरता अक्ष ताणून घेतला होता. पाचही ठिकाणी वायलिम (उभ्या अक्षाची मर्यादा) 0 ते 170 दिल्याबरोबर जून खाली बसला. जीजीप्लॉट या आरच्या दुसऱ्या प्लॉट-पॅकेजमध्ये गटवार प्लॉट पाडणारं फॅसेट रॅप हे आपणहून करतं, अक्ष सामाईकच ठेवतं. (तिथे पारचं काही चालत नाही, जीजीप्लॉट ग्रिड नावाच्या वेगळ्या चित्र-यंत्रणेवर चालतं.)

एक चटका मात्र बसला. पारची जुनी सेटिंग नंतर परत लावता यावी म्हणून ओपी नावाच्या व्हेरिएबलमध्ये साठवायला विसरलो, त्यामुळे नंतरचा साधा हिस्टोग्रामसुद्धा कोपऱ्यात आक्रसून आला. आता पहिली ओळ तीच.

सहावं घर रिकामं होतं. तिथे प्रत्येक महिन्यात ओझोनच्या नोंदी किती, याचा बारप्लॉट टाकला: 26, 9, 26, 26, 29. म्हणजे जूनची ती सगळी ऐट नऊ ठिपक्यांवर होती.