तुम्ही विचारलंत म्हणून: तिकडे जात होती का?

विहारात वंदना आटोपली की कोणी ना कोणी विचारतंच, ‘ताई, स्पेनमध्ये तरी जात आडवी आली नसेल ना?’ इथे वडोदऱ्यात कमाटीबागेत बाबासाहेबांच्या संकल्पभूमीवर गेले तरी हाच प्रश्न. विचारणाऱ्याला ‘नाही’ ऐकायची इतकी आस असते की सहा वर्षं मी ‘नाही’च म्हणत आले. आता मला खोटं बोलवत नाही.

स्पेनमधल्या सालामान्कात मी नऊ महिने स्पॅनिश शिकले. फोनवर पक्की झालेली खोली मी दारात उभी राहिल्यावर ‘आत्ताच गेली’, असं दोनदा झालं. एका घरमालकिणीला मी हिताना वाटले, म्हणजे तिकडच्या रोमा समाजातली बाई. त्यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी आपल्या उत्तर भारतातूनच गेले. वाईट वाटलं, पण सोसलं. वडोदऱ्यात आम्ही आडनावावरून घरं नाकारली गेलेली माणसं. तिथे आडनाव तरी कुणाला कळत नव्हतं.

कुणालाच नाही, असं मला वाटायचं.

त्या दिवशी वर्गात ‘कास्तीथो’ हा शब्द आला. अस्सल, भेसळ नसलेलं. भाषेबद्दल, माणसाबद्दल कौतुकाने म्हणतात. शिक्षिकेने फळ्यावर मूळ शब्द लिहिला, ‘कास्ता’. वंश, कूळ. पोर्तुगीजांनी हाच शब्द आपल्याकडच्या जातींना लावला आणि इंग्रजीतलं ‘कास्ट’ तिथूनच आलं. स्वतःच्या देशाचंही तिने झाकलं नाही. १४४९ साली तोलेदोत, ज्यू धर्म सोडून ख्रिस्ती झालेल्यांना रक्त शुद्ध नाही म्हणून नगरातली पदं बंद केली गेली. धर्म बदलला तरी रक्त तेच! मी वहीत उतरवून घेत होते, तिथे हात थांबला. १९५६ नंतर आम्हाला दुसरं काय ऐकवलं जातं?

‘तू भारतातली, तू सांग ना,’ ती माझ्याकडे वळली.

वर्गात पुण्याची एक मुलगी होती. मला ताप आला तेव्हा तिने खिचडी करून आणली होती. तिच्याबद्दल वाईट बोलायला जीभ रेटत नाही. पण पहिल्या दिवशी तिने माझं आडनाव विचारलं होतं, मग गाव, मग ‘मूळ गाव कुठलं?’. माझ्याआधी तीच बोलली, सफाईने. ते आता खेड्यांत उरलंय, शहरात कोणी विचारत नाही.

‘आणि तुमच्या घरी?’ शिक्षिकेने पुन्हा मलाच विचारलं.

काय सांगायचं ते मला ठाऊक होतं. आजी दांडिया बाजारात ज्या घरी कामाला जायची तिथे तिचा कप वेगळा, मोरीच्या खिडकीत उपडा ठेवलेला. पण स्पॅनिशमध्ये ‘असणं’ दोन क्रियापदांत वाटलेलं आहे. माणूस मुळात जे असतो त्याला ‘सेर’, ज्या अवस्थेत असतो त्याला ‘एस्तार’. मरणालासुद्धा एस्तार लागतं. मग आम्ही खालचे कुठल्या क्रियापदाने? सेर म्हणावं तर त्यांचंच खरं केल्यासारखं. एस्तारने वाक्य जुळेना. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, ‘सोमोस बुदिस्तास.’ आम्ही बौद्ध आहोत.

वाक्य खरं होतं, व्याकरणही बिनचूक. शिक्षिकेचा चेहरा खुलला. ‘मग ध्यान करत असाल! किती सुंदर!’ तास पुढे गेला. पुण्याची मुलगी मान खाली घालून वही बघत राहिली. तिला कळलं होतं. मान वर करून म्हणायला मिळालेलं वाक्य मी लपायला वापरलं होतं.

त्यावरून मी स्वतःला फार बोलले आहे. मग स्वतःची बाजूही घेतली. तेवीस वर्षांच्या मुलीने मोडक्यातोडक्या भाषेत दहा परक्यांपुढे घरातली जखम उघडी का करावी? पुण्याच्या मुलीला कोणी ‘तुमच्या घरी?’ विचारलं नाही. आणि १९१७ साली कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या बाबासाहेबांनाही याच बडोद्यात जागा मिळेना, तेव्हा पारशी सराईत पारशी नावाने राहावं लागलं. काठ्या घेऊन आलेल्यांनी त्यांना तिथूनही घालवलं. त्यांच्यावर नाव लपवायची वेळ आली, तर मी कोण?

हा बचाव मी कितीदा तरी केला, पण तो पुरत नाही. त्यांना डोक्यावर छप्पर हवं होतं. मला खोली मिळालेली होती. मला फक्त त्या पाच मिनिटांतून सुटायचं होतं.

तेव्हा हो, जात होती तिकडे. एका वर्गात, दोन मराठी मुलींच्या मध्ये, आणि बाकीच्या कुणाला तिचा पत्ता नव्हता.

परवा विहारात बारावीतल्या एका मुलीने विचारलं, ‘मग ताई, मी जाऊ की नको?’ जा म्हटलं. व्हिसाचे कागद घेऊन रविवारी ये, सेर आणि एस्तारपासून सुरुवात करू. आजीच्या कपाचं वाक्य मात्र मला अजून स्पॅनिशमध्ये नीट जुळलेलं नाही.