एकच तुकडी

"आमच्याकडे प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी. दोघींचं भांडण झालं तर मिटवावंच लागतं, तुकडी बदलून मिळत नाही." लेकीसाठी आम्ही शाळा शोधतोय, तेव्हा कोथरूडमधल्या एका छोट्या शाळेतल्या बाई आज सहज बोलून गेल्या. बालवाडी ते दहावी, सगळं एकाच इमारतीत.

तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय.

मैदान लहान आहे, ते मला खटकलंच. पण जिन्यात दहावीतला एक मुलगा बालवाडीतल्या चिमुरडीला नावानं हाक मारून विचारत होता, "डबा संपवलास का गं?" हे कुठल्या माहितीपत्रकात छापून येतं?

एका मोठ्या शाळेनं लेकीच्या पहिलीच्या प्रवेशासाठी आधी आम्हा आईबाबांचीच मुलाखत घेतली. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 13 अशा चाळणीला मनाई करतं, मुलांच्या आणि पालकांच्याही. तरी बिनदिक्कत चालतं. खूप राग आला.

छोट्या शाळेकडे मन ओढतंय. धाकधूकही आहे. त्याच 25-30 मुलांसोबत दहावीपर्यंत वाढलेलं इथे कुणी आहे का? अकरावीला मोठ्या कॉलेजात गेल्यावर बावरायला झालं का? मनापासून सांगा, लवकरच ठरवायचंय.